पेशव्यांचे हुजूर दफ्तर

पेशव्यांचं वैभव म्हटलं की शनिवारवाडा आणि जडजवाहीर आठवतं. पण मराठी राज्याचा बहुतेक पैसा पुण्यापर्यंत कधी पोहोचतच नव्हता. तो कुणाकडे अडला, किती यायचा राहिला, हे हुजूर दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीतल्या, कारकुनांना माहीत असे. पेशव्यांची खरी जरब मला त्या मोडी कागदांत दिसते.

१७१९ साली बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या महसुलावरचे चौथाई आणि सरदेशमुखी हे हक्क मराठ्यांना मिळाले. वाटणी मोठी गुंतागुंतीची होती. चौथाईतला चौथा हिस्सा राजाची बाबती, सहा टक्के सहोत्रा पंतसचिवांचा, तीन टक्के नाडगौडा राजा देईल त्याला आणि उरलेला मोकासा फौज बाळगणाऱ्या सरदारांना. एकाच गावच्या वसुलावर अनेकांचे हक्क. हिशेब ज्याच्या हाती, त्याच्याशिवाय कुणाचंच पान हलत नसे.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, म्हणून शिपाई सरकारी खजिन्याकडे पाहत असे. पुढे सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदारांना लावून दिलेले मुलूख, वाढले, तसा तो सरदाराच्या तोंडाकडे पाहू लागला. हा बदल मला मराठी इतिहासातल्या कुठल्याही लढाईइतका मोठा वाटतो. पहिले बाजीराव रणात हरले नाहीत, पण सावकारांच्या तगाद्याने मेटाकुटीला आले. गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून ती घालमेल आजही जाणवते. १७६० साली दिल्ली हाती आली, तरी मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांची पैशाची चणचण संपली नाही. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं.

अशा ओढगस्तीत राज्य उभं राहिलं ते दफ्तराच्या शिस्तीवर. थोरल्या माधवरावांच्या काळात आणि पुढे नाना फडणीसांच्या हाताखाली ही शिस्त कळसाला पोहोचली. फडावर सनदा आणि हुकूम तयार होत. बेहेड्यात परगण्यांच्या जमाखर्चाचा ताळा लागे, सरंजामाचे कागद वेगळे, आणि एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांची गोळाबेरीज. रुमालात बांधलेला जुना कागद काढून सरदाराकडे बाकी मागता येई. त्या रुमालांपुढे तलवारबहाद्दरांनाही जाब द्यावा लागे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे बिघडलं. परगणे मक्त्याने दिले जाऊ लागले. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की रयतेकडून त्याने काय उकळलं हे विचारणारं कुणी उरलं नाही. पेशव्याची खासगी शिल्लक वाढत गेली आणि दफ्तर ओस पडलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीवर इंग्रजांविरुद्ध तोफा धडाडल्या तेव्हा पेशव्याकडे पैसा होता. वर्षाच्या आत राज्य गेलं आणि तो सालीना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला.

इंग्रजांनी मात्र ते दफ्तर जपलं. कोणाचं इनाम खरं, कोणत्या गावचा वसूल किती, हे ठरवायला त्यांना पेशव्यांचेच कागद लागत होते. पुढे १८५०च्या दशकात इनाम कमिशनने याच रुमालांच्या आधारे अनेक घराण्यांची इनामं तपासली आणि कित्येकांची काढूनही घेतली.