गायकवृंदातील गिटार : सरकत्या कॉर्डची ओळख

भंडारा जिल्ह्यात भजन असो वा झाडीपट्टीचे नाटक, गायक आपली पट्टी पेटीच्या भाषेत सांगतो : काळी चार, पांढरी पाच. मिस्सेच्या वेळी पेटीशेजारी बसणाऱ्या नवशिक्या गिटारवादकाची अडचण येथेच सुरू होते. त्याला मोकळ्या तारांच्या तीन-चार कॉर्डच येतात. मग गीत त्याच्या सोयीच्या पट्टीत सुरू होते, वरचा सूर गाठता येत नाही आणि मागच्या बाकांवरील मंडळी गप्प होतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविधीविषयक दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आहे. म्हणून वाद्याने भाविकांच्या गळ्याला अनुसरावे, हे उचित. त्यासाठी सरकत्या कॉर्डचे दोन आकार पुरेसे आहेत.

पहिला आकार ‘ई’ कॉर्डचा. तर्जनी एका फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबावी. पुढच्या फ्रेटवर मधले बोट तिसऱ्या तारेवर, तर त्याच्याही पुढच्या फ्रेटवर अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेवर ठेवावी. (सर्वांत बारीक तार पहिली.) तर्जनी पहिल्या फ्रेटवर असता पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार, पाचव्यावर पांढरी सहा मिळते. एक फ्रेट म्हणजे पेटीवरील लगतची पट्टी. मधले बोट उचलले की त्याच ठिकाणी मायनर कॉर्ड वाजते.

दुसरा आकार ‘ए’ कॉर्डचा. तर्जनी पाच तारांवर आडवी, दोन फ्रेट पुढे अनामिकेने चौथी, तिसरी व दुसरी तार दाबावी. सहावी तार वाजवू नये. येथे तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक, पाचव्यावर पांढरी दोन मिळते.

आता दोन्ही आकार जोडू. पांढरी पाचमधील गीताची मुख्य कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर ‘ई’ आकारात आहे. दुसरी कॉर्ड त्याच फ्रेटवर ‘ए’ आकारात, तर तिसरी दोन फ्रेट पुढे ‘ए’ आकारातच. बहुतेक सोपी गीते या तीन कॉर्डवर वाजतात. पट्टी उंच वाटली, तर तिन्ही कॉर्ड एक फ्रेट मागे घ्याव्यात. गीत काळी तीनमध्ये येईल. बोटांची रचना बदलत नाही.

आरंभी तारा बोथट वाजतात, त्याने निराश होऊ नये. पहिल्या फ्रेटवर दाब अधिक लागतो, म्हणून सराव पाचव्यापासून करावा. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूस कलती करून फ्रेटच्या धातूपट्टीलगत ठेवावी. एकेक तार छेडून तपासावी. रोज दहा मिनिटे पुरेत. मनगट दुखल्यास थांबावे.

पुढील रविवारी गीत सुरू करण्यापूर्वी एवढेच विचारावे : “पट्टी कोणती घेऊ?”