देवद्वारी भक्तांचा शब्द

गणेशोत्सवाचे दिवस जवळ आले, की गिरगावच्या चाळींतून आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांतून पावतीपुस्तके हिंडू लागतात. वर्गणी देणारा गृहस्थ मंडळाच्या सभेत जमाखर्च विचारतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेल्या उत्सवाने ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या अंगवळणी पाडला. देव सर्वांचा, म्हणून त्याच्या कारभारात सर्वांचा शब्द! हाच विचार आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या धर्मात कसा नांदतो, हे या मंगल दिवसांत पाहणे अनुचित ठरू नये, असे आम्हांस वाटते.

परस्परांच्या सल्लामसलतीला इस्लामी परंपरेत ‘शूरा’ म्हणतात. कुराणाच्या ४२व्या अध्यायाचे नावच ‘अश्-शूरा’ आहे आणि श्रद्धावंतांनी आपले व्यवहार एकविचाराने चालवावेत, असा बोध त्यात आहे. धर्मकार्यास वाहिलेली संपत्ती म्हणजे ‘वक्फ’. ती एकदा अर्पण केली, की ईश्वराची होते. तिचा सांभाळ करणारा ‘मुतवल्ली’ हा व्यवस्थापक, मालक नव्हे. आपल्याकडे कायदा प्रतिष्ठित मूर्तीलाच देवस्थानाच्या संपत्तीची स्वामिनी मानतो. त्या कल्पनेशी असलेले याचे साधर्म्य सुज्ञ वाचकांच्या सहज ध्यानी येईल. मात्र सल्ला विद्वानांचाच घ्यावा की सर्वांचा, आणि घेतलेला सल्ला बंधनकारक की नाही, यावर त्यांच्या पंडितांतही मतभेद आहेतच.

हा वाद केवळ पोथीतला नव्हे. महालक्ष्मीच्या देवळापासून जवळच, समुद्रात पीर हाजी अली शाह बुखारी यांचा दर्गा आहे. तेथे स्त्रिया मजारीपर्यंत जात असत. २०११-१२ च्या सुमारास विश्वस्तांनी त्यांना तेथवर जाण्यास मनाई केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ आणि झाकिया सोमण यांनी २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. संताच्या कबरीनिकट स्त्रियांनी जाणे धर्मास संमत नाही आणि कारभाराचा अधिकार घटनेच्या २६व्या कलमाने आम्हांस दिला आहे, असा विश्वस्तांचा पक्ष होता. न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांनी २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही मनाई घटनेच्या १४, १५ व २५ या कलमांशी विसंगत ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २४ ऑक्टोबरला विश्वस्तांनी स्त्रियांना प्रवेश देण्याचे मान्य केले आणि २९ नोव्हेंबरला स्त्रिया पुन्हा आत गेल्या.

या कथेकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. त्याच वर्षी, ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. १९४७ साली पंढरीचे द्वार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले होते. प्रत्येक वेळी ‘आत कोणी यावे, हे ठरविणार कोण?’ हाच प्रश्न होता, आणि तो विचारणारे नास्तिक नव्हते. दर्शनाची तळमळ असलेले भक्तच होते.

हाजी अलीच्या त्या भगिनींनी पीराचा द्रोह केला नाही. पीरापाशी जाण्याची वाट मागितली. कारभाऱ्यास प्रश्न विचारणे म्हणजे देवास आव्हान देणे नव्हे, हा विवेक दोन्ही परंपरांस मान्य होण्याजोगा आहे. तेव्हा, सज्जनहो, आरतीनंतर मंडळाची बैठक बसेल, तेव्हा जमाखर्च सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा आणि लेकीसुनांनाही त्या बैठकीत मानाने बसवावे. विघ्नहर्ता त्याने संतुष्टच होईल.