विमाधारकाच्या बाजूचा अ‍ॅडजस्टर

फ्लोरिडात चक्रीवादळ येऊन गेलं, की उडालेली छपरं बघायला विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर येतो. नुकसान किती आणि पॉलिसीत त्यातलं काय बसतं, हे तो ठरवतो. त्याचा हिशेब पटला नाही, तर घरमालक स्वतःचा माणूस नेमू शकतो: पब्लिक अ‍ॅडजस्टर. हा मोजमापं घेतो, दुरुस्तीचा खर्च मांडतो, कंपनीशी घासाघीस करतो आणि मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. आपल्याकडेही मोठ्या दाव्यांत परवानाधारक सर्व्हेअर येतो, पण त्याला नेमते कंपनी आणि त्याची फीही तीच भरते.

अमेरिकेत विम्याचं नियमन 1945च्या मॅकारन-फर्ग्युसन कायद्याने राज्यांकडेच ठेवलं. त्यामुळे टक्केवारीची कमाल मर्यादा टेक्सासात 10, तर न्यूयॉर्कात साडेबारा. फ्लोरिडात एरवी 20 टक्के. पण गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केलेल्या आपत्तीत पहिलं वर्षभर 10च. म्हणजे लाख डॉलरच्या दाव्यावर वीस हजारांऐवजी दहा हजार. मला हे रास्त वाटतं. वादळानंतर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि काम चोख करण्याची हमी म्हणून 50,000 डॉलरचा बाँड भरावा लागतो. विनापरवाना हा धंदा करणं फौजदारी गुन्हा आहे.

सगळ्यात बारीक नियम आहेत ते गिऱ्हाईक गाठण्याचे, कारण घरात पाणी शिरलेला माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो. रविवारी दार वाजवायचं नाही. इतर दिवशी सकाळी 8 ते रात्री 8 एवढीच मुभा. घटनेनंतर 48 तास संपर्कच नको, असाही नियम होता. तो 2012मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला: धंद्यासाठी बोलणं हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. आता भिस्त आहे ती करार मोडण्याच्या मुदतीवर. एरवी सही केल्यापासून 10 दिवस. आणीबाणीत नुकसानीपासून 30 किंवा सहीपासून 10 दिवस, यांतली जी मुदत उशिरा संपेल ती. तेवढ्यात करार मोडला तर दंड नाही.

आणखी एक बंधन: ज्या घराचा दावा त्याने लढवला, त्या घराच्या दुरुस्तीच्या कामात त्याने पडायचं नाही. नाहीतर खर्चाचा आकडा मांडणारा तोच आणि ते पैसे घेणाराही तोच.