इंजिन तेच, मग स्विफ्टला ७५ आणि अर्टिगाला ९० पीएस का?

जुनी डिझेल कार बघायला गेलात की एजंट हमखास म्हणतो, 'इंजिन एकच आहे हो दोन्हीत!' खोटं नाही. मारुतीच्या स्विफ्ट आणि अर्टिगात फियाटचं १२४८ सीसीचं तेच डिझेल इंजिन होतं. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. तरी स्विफ्टची पॉवर ७५ पीएस आणि टॉर्क १९० एनएम, तर अर्टिगाची ९० पीएस आणि २०० एनएम.

मुख्य फरक टर्बोचा. इंजिनात जितकी जास्त हवा, तितकं जास्त डिझेल नीट जळतं. स्विफ्टचा टर्बो साधा. अर्टिगाच्या टर्बोत मात्र हलत्या पात्या असतात. इंजिन हळू फिरत असताना त्या धुराची वाट अरुंद करतात, त्यामुळे टर्बो जोरात फिरतो. वेग वाढला की वाट मोकळी. म्हणून अर्टिगाचा पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमलाच मिळतो, स्विफ्टला २००० लागतात. सात जण बसवून घाट चढायचा तर हे हवंच. हलक्या स्विफ्टला स्वस्त टर्बो पुरतो.

डिझेल किती आणि कधी सोडायचं, हे ईसीयू ठरवतो. म्हणूनच 'रीमॅप करून ७५ चे ९० करून देतो' म्हणणारे भेटतात. पण त्यात बदलतं ते फक्त सॉफ्टवेअर. टर्बो जुनाच राहतो आणि क्लचवर ताण वाढतो. जुनी गाडी घेताना रीमॅप झालंय का, हे पैसे देण्याआधी विचाराच.