मळीवरची पहिली पाळी

सकाळी 7:40. कोल्हापूर जिल्ह्यातला साखर कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला डिस्टिलरी. ठेकेदाराकडचे कामगार अण्णा सायकल लावून गमबूट चढवतात. बूट स्वतःच्या खर्चाचे. ठेकेदार देतो तो रोज, 480 रुपये.

8:00. आधी मळी सैल करायची. साखर काढून उरलेली, काळी, काकवीपेक्षा घट्ट. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते, पण एवढ्या दाट साखरेत यीस्टचं काम चालत नाही. पाणी मिसळत अण्णा नमुना काढतात, उंच नळकांड्यात ओततात, हायड्रोमीटर सोडतात. वाकून, डोळा पातळीला आणून वाचतात. विशिष्ट गुरुत्व 1.080. आता चालेल.

9:15. यीस्टचं पाकीट विटेसारखं कडक. कात्री लागली की फुस्स होतं आणि आतले दाणे मोकळे होतात. ते कोमट पाण्यात भिजवणं. मग मापून युरिया.

11:30. लोखंडी जिना चढून आंबवणीच्या टाकीवर. फेस उसळलाय. अण्णा फेस मारायचं तेल सोडतात, पण तोंड झाकणावर नेत नाहीत. आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तापमान 35. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी दोन फेरे.

हे दोन फेरे महत्त्वाचे. यीस्ट सगळ्या साखरेचं अल्कोहोल करत नाही. दाट साखर आणि मळीतले क्षार पेशीतलं पाणी बाहेर ओढतात. ते धरून ठेवायला यीस्ट ग्लिसरॉल बनवते. शुगर अल्कोहोलच्या घराण्यातलं हे सगळ्यात धाकटं. पाश्चरनं 1858 मध्ये ते आंबवणीत दाखवून दिलं: शंभर भाग साखरेमागे तीनेक भाग. त्यात उष्मा वाढला तर यीस्ट आणखी बेजार. ग्लिसरॉल ऊर्ध्वपातनात वर चढत नाही, स्पेंटवॉशबरोबर, म्हणजे उरलेल्या सांडपाण्याबरोबर, खाली जातं. तेवढी साखर अल्कोहोलच्या उताऱ्यातून गेलीच. उतारा प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिला जातो. माझ्या मते तो इथं, या व्हॉल्व्हवर ठरतो.

1:00. भाकरी, झुणका, कांदा. कॅन्टीनचा चहा दहा रुपये, म्हणून एकच.

2:15. दोन नंबरची टाकी रिकामी, धुवायची. आधी ब्लोअर, मग गॅसमीटर, मग कमरेला दोर. अण्णा बाहेर दोर धरून. आत नवा पोरगा. दर मिनिटाला हाक, दर हाकेला ओ.

3:30. तीन नंबरच्या टाकीत हायड्रोमीटर 1.052.

4:00. दुसऱ्या पाळीचा माणूस आला. रजिस्टरवर सही करता करता अण्णा सांगतात, ''तीनला घाई करू नगं, आकडा अजून उतरायचाय. चारचं पाणी चालू ठेव. आणि पोराला हातमोजे दे बाबा, माझे फाटल्यात.''