आधी माणसं, मग खुर्च्या

कामाची सामायिक जागा भाड्याने देणाऱ्या, म्हणजे को-वर्किंगच्या, 'स्मार्टवर्क्स' आणि 'इंडिक्यूब' या कंपन्या जुलै २०२५ मध्ये शेअर बाजारात आल्या, ऑक्टोबरात 'वीवर्क इंडिया'. आता बोरिवली-मुलुंडमध्ये ज्याच्याकडे रिकामा गाळा आहे, त्यालाही को-वर्किंगचा मोह होणार. खुर्च्या किती, एसी किती, भाडं किती, असा हिशेब मांडला जाईल. येणारी माणसं कोण, हा रकाना मात्र कोरा राहील, अशी मला भीती वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने ऑगस्ट २००५ मध्ये आठवड्यातून दोन दिवस अशी सामायिक जागा सुरू केली, तेव्हा पहिला महिनाभर कुणीही फिरकलं नाही. फिलाडेल्फियात ॲलेक्स हिलमनने आधी कॅफेंमधून माणसं जोडली आणि २००७ साली 'इंडी हॉल' उघडला. जागा मिळाली तेव्हा सभासद तयार होते.

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी केली, ती दुकान न थाटता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, सगळ्या याद्यांची बेरीज झाली की घाऊक खरेदी व्हायची. माल एका सभासदाच्या घरी उतरायचा आणि वाटपही सभासदच करायचे. मागणी आधी पक्की, माल नंतर. शिवाय वाटपाला जमलेल्यांची ओळख आपोआप घट्ट व्हायची. उपनगरांतल्या मध्यमवर्गाने घडवलेला इतका शहाणा व्यवहार मला दुसरा माहीत नाही. को-वर्किंगवाल्यांनी धडा घ्यावा तो इथून.

कारण गरज खरी आहे. वन बीएचकेत आजीची मालिका, मुलांचा अभ्यास आणि आपला कॉल एकाच खोलीत चालतो. जीएसटीची कामं करणारी, भाषांतरकार, डिझायनर अशी माणसं एकाच इमारतीत राहून एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना चकचकीत रिसेप्शन नको असतं. घरापासून चालत जाता येईल अशी जागा हवी असते, आणि अडलेलं विचारायला शेजारच्या टेबलावर कुणीतरी.

म्हणून गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी सोसायटीचा हॉल चार शनिवार मागून घ्या. लॅपटॉप घेऊन या, एवढंच ग्रुपवर कळवा. चहा वर्गणीतून होऊ द्या. चौथ्या शनिवारी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला दहाजणही तयार नसतील, तर गाळा घेऊ नका.