कायद्यावर उभा राहिलेला जमीनदार

बिस्मार्कचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलें असेल. परंतु त्याच्यावर ज्यानें एकदां पिस्तुल झाडलें, त्या गेऑर्ग फॉन फिंकेची ओळख थोड्यांनाच असेल. म्हणून त्याचें अल्प चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फिंकेचा जन्म १८११ सालीं वेस्टफालिया भागांत, हागेन शहराजवळील वाड्यांत झाला. त्याचा पिता पुढें त्या प्रांताचा मुख्य अधिकारी झाला. स्वतः गेऑर्गनें कायद्याचा अभ्यास केला व १८३७ पासून हागेन जिल्ह्याचा कारभार पाहिला. असा सरदारकुलांतील जमीनदार राजाचीच री ओढणार, असें कोणालाही वाटलें असतें.

१८४७ सालीं राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याला बर्लिन ते कोनिग्सबर्ग हा लोहमार्ग बांधण्यासाठीं कर्ज हवें होतें. त्याकरितां त्यानें सर्व प्रांतांच्या प्रतिनिधींची सभा बर्लिन येथें बोलाविली. फिंकेनें तेथें जुने कायदे पुढें मांडले. त्याचें म्हणणें असें कीं, ठराविक काळानें सभा भरणें ही राजाची मेहेरबानी नव्हे; पूर्वीच्या राजानें कायद्यानें दिलेला तो हक्क आहे. सभेनें कर्जास संमति दिली नाहीं. पुढच्याच वर्षीं क्रांति झाली, आणि फ्रांकफुर्टच्या राष्ट्रसभेंत हाच फिंके उजव्या बाजूस, राजपद राखूं पाहणाऱ्यांत बसला! कित्येकांना तें कोडें वाटलें. आम्हांस वाटत नाहीं. राजानें कायदा मोडूं नये, तसा जमावानेंही मोडूं नये, एवढेंच त्याचें मत होतें.

त्याची जीभ मात्र फार तिखट. फ्रांकफुर्ट येथें जर्मन राज्यांच्या वकिलांची बैठक भरत असे. तींत केवळ ऑस्ट्रियाच्या वकिलानेंच चिरूट ओढावा, असा प्रघात पडला होता. प्रशियाचा वकील म्हणून गेलेल्या बिस्मार्कनें आपलाही चिरूट काढून त्याच्याचकडे विस्तव मागितला. ही गोष्ट त्यानें खाजगींत फिंकेस सांगितली होती. मार्च १८५२ मध्यें प्रशियाच्या सभागृहांत वाद चालू असतां फिंके म्हणाला कीं, बिस्मार्कची मुत्सद्देगिरी आपणांस ठाऊक आहे ती त्या पेटत्या चिरुटापुरतीच. बिस्मार्कनें त्याच्या सभ्यपणावरच उलट प्रहार केला. मग फिंकेनें द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. ता. २५ मार्च रोजीं बर्लिनजवळ टेगेल येथें दोघे समोरासमोर उभे राहिले. प्रथम चार चार गोळ्या ठरल्या होत्या. पंचांच्या सूचनेवरून एकेकच झाडावयाची ठरली. दोघांचेही नेम चुकले. प्रशियाच्या कायद्यानें द्वंद्वयुद्ध हा गुन्हा होता. कायद्याच्या या अभिमान्यास त्या दिवशीं तो आठवला नाहीं, हें आम्हांस खटकतें.

१८५८ नंतर फिंके पुन्हां उदारमतवाद्यांचा पुढारी झाला. परंतु त्याचें धोरण तरुणांस मिळमिळीत वाटूं लागलें, आणि १८६१ सालीं त्यांपैकीं कांहींनीं त्याला सोडून प्रागतिक पक्ष काढण्यांत भाग घेतला. ज्याच्यावर त्याचा नेम चुकला, तो १८६२ मध्यें प्रशियाचा व १८७१ मध्यें साऱ्या जर्मनीचा मुख्य प्रधान झाला. हें पाहून फिंके १८७५ सालीं निवर्तला.